खिरापत कोणी ओळखली नाही

नातीच्या शाळेच्या पुस्तकात एक गोष्ट आहे. ती वाचून नात रडली. मी वाचली तेव्हा मला त्या गोष्टीतल्या पोरीचा हेवा वाटला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण वाचायची सवय सुटली नाही. किराण्याच्या पुडीचा कागदही मी फेकण्याआधी वाचते. नातीची पुस्तकं तर ती शाळेतून येऊन दप्तर टाकते तशी मी उचलते. ही गोष्ट मी दोनदा वाचली, एकदा ओळीवर बोट ठेवून आणि एकदा बोट न ठेवता.

गोष्ट अशी. एका गावात चार-पाच पोरी असतात. त्यांच्यात एक नवी पोरगी येते, बारीक, अडखळत बोलणारी. एके दिवशी लपाछपी खेळताना या पोरी तिला कडब्याच्या गंजीत लपायला लावतात आणि आपापल्या घरी निघून जातात. ती तिथंच बसून राहते. आपण कोणाला सापडत नाही म्हणून मनातल्या मनात खूश असते. अंधार पडल्यावर सारं गाव कंदील घेऊन तिला शोधायला निघतं. सापडते तेव्हा ती विचारते, "मी जिंकले ना?" त्या पोरींमधलीच एक मोठी होऊन ही गोष्ट सांगते आहे. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की झोप लागत नाही म्हणते.

नात त्या "मी जिंकले ना"वर रडली. वर्गात बाईंनी विचारलं होतं, कोणाची दया आली? सगळ्या पोरांनी गंजीतल्या पोरीचं सांगितलं. मला तिची दया आली नाही. तिच्यासाठी गाव कंदील घेऊन निघालं. तिच्यापायी एका बाईची झोप उडाली. तिला कोणी इतकं लक्षात ठेवलं की तिची गोष्ट झाली, पुस्तकात छापली, आणि आता पोरं परीक्षेसाठी तिचा अभ्यास करतात. आणखी काय पाहिजे माणसाला?

"आजी, तुह्यासंग असं कोणी केलं होतं का?" नातीनं विचारलं.

"भाजी निवड," मी म्हणाले.

तिला सांगितलं नाही ते इथं लिहिते.

आमचं गाव वणीहून राजूरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. राजूरला कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. माझा बाप भट्टीवरचा चुना बैलबंडीत भरून वणीला पोचवायचा. आई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात. आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेला असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा मी तिसरीत असेन. त्यानं गावात काही बदललं नाही. बदललं ते चौथीत. खाणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर आमच्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आला आणि त्याची पोरगी आमच्या वर्गात येऊन बसली.

त्याआधी मला एक मैत्रीण होती. एकच. आमच्या घराला लागून तिचं घर, मधल्या कुडाच्या भिंतीला एक भोक होतं, त्यातून आम्ही बोलायचो. तिच्याशिवाय मी शेण वेचायला गेले नाही आणि माझ्याशिवाय ती विहिरीवर गेली नाही. ती दिसायला चांगली होती, बोलायला त्याहून चांगली. कोणालाही नाव ठेवायचं तर असं ठेवायची की ते त्याला म्हातारपणापर्यंत पुरावं. मी तिच्या बोलण्यावर हसायचे. आमची मैत्री म्हणजे एवढंच होतं, ती बोलायची आणि मी हसायचे. मला ते पुरेसं होतं.

कंपाउंडरची पोरगी नागपूरची. तिच्या दोन्ही वेण्यांना रिबिनी, पायात पट्ट्याच्या चपला, अंगावर बाहीला झालर असलेला झगा. गावात तेव्हा पोरी अनवाणी हिंडायच्या, त्यात काही विशेष नव्हतं. तिच्या चपला पाहिल्या तेव्हा मला कळलं की आपण अनवाणी आहोत. मला तिच्या सगळ्याचाच हेवा वाटायचा. तिची आई दुपारी घरी असायची, त्याचा वाटायचा. ती खोकली तर तिचा बाप बाटलीतलं लाल औषध आणायचा, म्हणून मला तिच्या खोकल्याचासुद्धा हेवा वाटायचा. पण हे सगळं चाललं असतं. चपला तिच्या होत्या, तिनं घालाव्या. माझी मैत्रीण मात्र तिची नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावंही लागलं नाही. पोळा झाला नाही तोच माझी मैत्रीण त्या पोरीशी बोलताना "मले" सोडून "मला" म्हणायला लागली. कुडाच्या भोकातून मी हाक मारली की म्हणायची, "थांब वं, मी अभ्यास करून राह्यली." तिनं अभ्यास केलेला मी कधी पाहिला नव्हता. ती त्या पोरीकडे निघायची, तोंड धुऊन.

मग भुलाबाई बसल्या. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरींच्या भुलाबाई असतात. मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या. टिपऱ्या जोडीनं वाजवायच्या असतात, समोरासमोर बसून. जिची जिच्याशी जोडी ती महिनाभर. दरवर्षी माझी जोडी माझ्या मैत्रिणीशी. त्या वर्षी पहिल्याच दिवशी ती कंपाउंडरच्या पोरीसमोर जाऊन बसली. त्या पोरीला ताल येत नव्हता, टिपरी बोटांवर बसायची, तरी तिच्यासमोर. मला एक चिपड्या डोळ्यांची लहान पोरगी मिळाली. ती अर्ध्या गाण्यात झोपायची.

गाणी संपली की खिरापत. ज्या घरी भुलाबाई, त्या घरची पोरगी झाकलेला डबा घेऊन येते आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. डबा कानाशी हलवून दाखवायचा. गोड की तिखट, वाळलेलं की ओलं, एवढं विचारता येतं. कोणी ओळखलं की डबा उघडायचा आणि वाटायचं. कोणालाच आलं नाही तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं, आणि मगच डबा उघडायचा. खिरापत ओळखू आली नाही की त्या घरची पोरगी दुसऱ्या दिवसापर्यंत राणी. म्हणून आया डब्याच्या बुडाशी फडकं घालायच्या, आवाज होऊ नये म्हणून. आमच्या घरची खिरापत ओळखायला डबा हलवावा लागत नसे. फुटाणे नाहीतर मुरमुरे. पोरी दारातच म्हणायच्या, "आण वं तुहे फुटाणे."

कंपाउंडरच्या घरी पहिल्यांदा भुलाबाई झाल्या तेव्हा आम्ही सगळ्या हरलो. डब्यात नानकटाई निघाली, वणीच्या बेकरीतली. आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती, ओळखणार कुठून? मी एक तुकडा तोंडात टाकला. जिभेवर विरघळला. इतकं चांगलं काही मी खाल्लं नव्हतं आणि ते थुंकून टाकावंसं वाटलं. माझी मैत्रीण तिच्या शेजारी डबा धरून बसली होती, जशी काही तिनंच भाजली.

माझी पाळी जवळ आली तशी मी मैत्रिणीला विहिरीवर गाठलं.

"माह्या दिवशी तरी माह्यासंग बसशील का टिपऱ्या घेऊन?"

"तुह्या घरी काय असते? फुटाणे."

"अन् फुटाणे नसले तं?"

ती हसली. "तुही खिरापत कोणाले ओळखू आली नाई ना, तं कोजागिरीपर्यंत तुह्यासंग बसतो. जाय."

"आण भुलाबाईची."

"आण."

हे तिनं सहज म्हटलं, घागर डोक्यावर चढवता चढवता. मी सहज घेतलं नाही.

त्याच आठवड्यात माझा मामा आला. माझ्या आईचं माहेर जंगलाकडचं, केळापूरच्या बाजूचं. मामानं बिबे आणले होते, मागच्या हंगामातले वाळलेले, वणीच्या व्यापाऱ्याला विकायला. बिबा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, काळं कुळकुळीत टणक फळ असतं, औषधाला लागतं. त्याच्या टरफलात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, कातडी भाजल्यासारखी होते. त्याला बिबा उतणं म्हणतात. पण ते टरफल फोडलं तर आत बी निघते, पांढरी, गोड, बदामाहून चवदार. ती गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवात चार घालतात. उगाच कोणी खात नाही. खिरापतीला तर गावात कोणी कधी आणली नव्हती.

मामानं मला दोन ओंजळी बिबे दिले. आईनं मामाला बजावलं, "पोरीच्या हातात देऊ नको रे, उतन." मामा म्हणाला, "राख लावून फोडजो वं, तोंडाले हात लावजो नोको." एवढं सांगून तो वणीला गेला आणि आई वावरात.

मी मैत्रिणीला भोकातून हाक मारली आणि सांगितलं. ती लगेच आली. ती तशीच होती, नवीन काही असलं की लगेच यायची. आम्ही गोठ्यामागं बसलो. मी हाताला राख चोळली आणि दगडावर बिबा ठेवून दुसऱ्या दगडानं फोडायला लागले. ती लांब, बाजेच्या कडेवर बसली.

"तू फोड, मी पाह्यतो."

"कोणाले सांगजो नोको."

"कोणाले सांगतो मी?"

"तिले बी नाई."

"अवं नाई म्हनलं ना."

ती दुपार चांगली गेली, खोटं कशाला लिहू? ती बोलत होती, मी हसत होते. गुरुजींच्या चालण्याची नक्कल तिनं केली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी हाताच्या पाठीनं पुसलं. कपाळावर आलेले केस मागं सारले. घाम पुसला. तिनं ते पाहिलं. "तोंडाले हात लावू नको" असं ती म्हणाली नाही. तिच्या लक्षात आलं नसेल. मी त्याबद्दल तिला कधी दोष दिला नाही. मलाही आठवलं नाही ना.

वाटीभर गोडंबी निघाली. मी ती फडक्यात बांधून उतरंडीत लपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डोळे उघडेनात. गालावर, कपाळावर, मानेला फोड. हातांचं विचारू नका. आईनं आधी दोन धपाटे घातले, मग खोबरं आणि तीळ वाटून तोंडाला थापले. म्हणाली, "आजची भुलाबाई राहू दे. पुढच्या आठवड्यात कर." मी म्हटलं, नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत मैत्रिणीची जीभ थांबणार नाही, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी पोरी आल्या. दारातच थबकल्या. मी भुलाबाईजवळ बसले होते, डोळे सुजलेले, तोंडावर तिळाचा लेप वाळून तडकलेला.  गाणी झाली, घाईघाईत. त्या दिवशीच्या टिपऱ्या मी वाजवल्या नाहीत, टिपरी हातात धरवत नव्हती. मग मी दोन मनगटांत डबा धरून मधे आणला.

इथं एक सांगायला हवं. बिबा उतलेलं तोंड आमच्या भागात कोणाला ओळखू येत नाही असं नाही. गावातली शेंबडी पोरगीसुद्धा पाहून सांगेल. आणि ज्या पोरीनं बिबे फोडले, तिच्या डब्यात दुसरं काय असणार? माझी खिरापत माझ्या तोंडावरच लिहिलेली होती. सगळ्या गावाला दिसत होती, एक मी सोडून. मी डबा हलवत होते. बुडाशी फडकं घातलं होतं, आवाज येत नव्हता, आणि मला वाटत होतं की आता कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही.

कंपाउंडरच्या पोरीला मात्र खरंच काही माहीत नव्हतं. नागपुरात बिबे कोण फोडतं? ती उठली आणि माझ्याजवळ आली. अगदी जवळ. वाकून माझं तोंड बघायला लागली.

"दुखतं का गं खूप?"

मी मान हलवली.

"माझ्या बाबांकडे मलम आहे. गुलाबी. थंड वाटतं. मी आणून देते, तुला लावूनही देते." आणि तिनं तिचं बोट माझ्या कोपराला लावलं, जिथं फोड नव्हता तिथं.

मी माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं. तिचं तोंड मला ओळखू आलं. तसं तोंड मी पोळ्यापासून रोज घेऊन फिरत होते. आतून कसं वाटतं ते माहीत होतं, बाहेरून कसं दिसतं ते तेव्हा पाहिलं. माझ्या मैत्रिणीला माझा हेवा वाटत होता. कंपाउंडरची पोरगी तिला सोडून माझ्याजवळ आली होती म्हणून. आयुष्यात कोणी माझा हेवा केल्याचं मला आठवतं ते तेवढंच एकदा. फार वेळ टिकलं नाही. पण होतं.

मग माझी मैत्रीण म्हणाली, "मी ओळखू का?"

मी घाबरले. कोणाला न सांगायचा शब्द ती मोडते की काय असं वाटलं.

"डब्यात हाय खपल्या."

 मग कंपाउंडरच्या पोरीला हसू फुटलं. ती वाईट नव्हती. तिला हसू आलं, आलं. माझी मैत्रीण बोलली की हसू येतच असे, मला माहीत नाही का? तिनं हसत हसत मागं होऊन माझ्या मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकला.

तिथून मग ओळखणं सुरू झालं.

"पू!"

"अवं, गोड हाय का तिखट ते तं विचारा."

"वाळलेलं का वलं?"

"वलं, वलं! वाहून राह्यलं ना!"

"मुंग्याचं वारूळ!"

"चुना! तिच्या बापाचा चुना!"

त्या सगळ्या माझ्याच वर्गातल्या. कोणीही गोडंबी म्हणू शकत होती. सगळ्यांना माहीत होतं. पण ओळखलं असतं तर खेळ संपला असता, आणि हा खेळ त्यांना फार आवडला होता. मी मधे उभी, दोन मनगटांत डबा. मी रडले नाही. रडले असते तर फोडांना झोंबलं असतं. खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. मी त्या गळ्यातल्या हाताकडे पाहत होते. लेप वाळून डोळे नीट उघडत नव्हते, तरी तो हात मला दिसत होता, काचेच्या लाल बांगड्यांसकट.

आणि मनात हेही होतं की अजून कोणी ओळखलं नाही. म्हणजे मी जिंकते आहे.

म्हणून त्या गोष्टीतल्या पोरीची मला दया येत नाही. तिनं "मी जिंकले ना" असं विचारलं तरी. विचारायला कंदील घेऊन माणसं आली होती. मला विचारायला कोणी उरलं नाही. पोरींना पुढच्या घरी जायचं होतं, त्या हसत हसत उठल्या आणि निघाल्या. ना ओळखलं, ना "हरलो" म्हटलं. डबा उघडता येईना, नियम होता ना. मी तो तसाच धरून बसले. आई पाणी घेऊन आली, तिनं माझ्या हातातून डबा काढून घेतला, झाकण उघडलं, मूठभर गोडंबी तोंडात टाकली आणि चावत चावत म्हणाली, "सोलली तं चांगली." तिला नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कुडाच्या भोकाशी गेले.

"कोणी ओळखली नाई," मी म्हणाले.

"काय?"

"माही खिरापत. कोणाले ओळखू आली नाई. तू आण घेतली होती. आज माह्यासंग बसतं का?"

 मग ती म्हणाली, "हरलो कोणी म्हनलं?"

"नाई म्हनलं."

"मंग तू कशी जितली?"

 कोजागिरीपर्यंत ती त्या पोरीसमोरच बसली. फोड सुकले, खपल्या धरल्या, पडल्या. मानेवर एक काळा डाग राहिला. कंपाउंडरच्या पोरीनं गुलाबी मलम खरंच आणून दिलं होतं, शाळेत, कागदाच्या पुडीत. मी ते लावलं नाही आणि फेकलंही नाही. आईनं बैलाच्या खांद्याला लावलं.

पुढच्या उन्हाळ्यात कंपाउंडरची बदली चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे झाली. सामान बंडीत चढलं. ती बंडी माझ्या बापाची होती. माझी मैत्रीण बंडीमागं रस्त्यापर्यंत रडत गेली. मी दारात बसून पाहिलं. इतकी रडली की मला वाटलं, माझं लग्न होऊन मी गेले तर ही यातलं अर्धं तरी रडेल का.

आठ दिवसांनी तिनं भोकातून हाक मारली. "येतं का वं शेण वेचाले?"

आणि मी गेले. नाही म्हणावंसं वाटलं नाही, खोटं का लिहू. टोपली घेऊन धावतच गेले. वाटेत तिनं नव्या गुरुजींना नाव ठेवलं आणि मी हसले. खिरापतीचं ती बोलली नाही. पुढं कधीच बोलली नाही. गोष्टीतल्या त्या बाईला झोप येत नाही म्हणे. माझी मैत्रीण चांगली झोपायची, भिंतीपलीकडून तिचं घोरणं ऐकू यायचं.

चौथीनंतर दोघींच्याही शाळा सुटल्या. मला तेव्हा वाटलं, आता ही माझीच. पाच-सहा वर्षं होतीही. त्यांत आम्ही कापूस वेचला, लग्नांत जेवलो, एकीनं दुसरीच्या उवा काढल्या. टिपऱ्यांची जोडीही तिच्याशीच. पण तिच्या समोर बसले की मला वाटायचं, हिला दुसरी कोणी मिळत नाही म्हणून ही माझ्यासमोर बसली आहे. ते खरं होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. ती मजेत होती. मी मजेत नव्हते. हवी ती वस्तू मिळाली होती आणि मी ती उलटीपालटी करून बघत होते, कुठं फुटली आहे का.

आधी तिचं लग्न झालं, मग माझं. ती तिकडे पांढरकवड्याला, मी वणीला. पासष्ट सालाच्या आसपास कधीतरी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाचा निरोप आला तेव्हा मलाही दिवस गेलेले होते. सासू म्हणाली, एवढ्या उन्हात कशाला जातं? मी गेले.

अंगणात बाया जमल्या होत्या. पाळण्याला हिरवी साडी गुंडाळलेली. घुगऱ्यांचा वास येत होता. मी तिच्या शेजारी बसले. ती बारीक झाली होती, पण हसत होती. तिनं माझा हात धरून ठेवला, सगळ्यांसमोर. मला बरं वाटलं. मग तिची नणंद पुढं झाली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव मोठ्यानं सांगितलं.

ते कंपाउंडरच्या पोरीचं नाव होतं.

आमच्या गावात ते नाव आधी कोणाचं नव्हतं आणि नंतर कोणाचं झालं नाही. बाया एकमेकींना विचारायला लागल्या, हे कोणतं नाव वं? एकीनं तर दोनदा म्हणून पाहिलं, तिची जीभ वळेना. माझी वळली असती. मी म्हटलं नाही.

"कसं हाय नाव?" मैत्रिणीनं मला विचारलं. हात तसाच धरलेला.

"तुले आवडलं ना."

"मले लय आवडते. लहानपणापासून ठरवलं होतं मी. तुले आठवते का वं ते? काय दिसे ना! बांगड्या काय, रिबिनी काय..." आणि मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "तुले पोरगी झाली तं काय नाव ठेवशील?"

मीही लहानपणापासून ठरवलं होतं. मला पोरगी झाली तर तिला माझ्या या मैत्रिणीचं नाव ठेवायचं. नवऱ्याला सांगून झालं होतं. येताना वाटेत बंडीत बसून मी तिला ते कसं सांगायचं याचे शब्द जुळवले होते.

"अजून काही ठरवलं नाई," मी म्हणाले.

घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या हातावर रुपया ठेवला आणि उन्हं उतरायच्या आत निघाले. मला मुलगीच झाली. तिचं नाव सासूनं ठेवलं.